हाडाचे कार्बन-१४ कालमापन: चरातल्या नमुन्यापासून छापील तारखेपर्यंत

प्रयोगशाळेत आलेले एक पाकीट डोळ्यांसमोर आणा. आत कापसात गुंडाळलेला बरगडीचा तुकडा. त्यावर काळ्या शाईने नोंदक्रमांक आणि तो पुसला जाऊ नये म्हणून वरून चकचकीत लॅकर. मोडलेली टोके पिवळसर सरसाने जोडलेली. सोबतच्या चिठ्ठीवर एवढेच: 'चर ३, खोली १.४० मी.' हे सगळे कोणीतरी हाड जपण्यासाठीच केलेले असते आणि यातली प्रत्येक गोष्ट तारखेच्या मुळावर येते.

अशी पाकिटे पुन्हा पुन्हा येतात, म्हणून हा लेख लिहीत आहे. कार्बन-१४ हा किरणोत्सारी कार्बन जिवंतपणी अन्नातून शरीरात येतो आणि मृत्यूनंतर ठरावीक गतीने घटत जातो. ते किती उरले यावरून वय काढतात. एएमएस यंत्र (अणू वजनानुसार वेगळे करून मोजणारे यंत्र) समोर आलेल्या कार्बनमधले कार्बन-१४ मोजते. तो कार्बन त्या प्राण्याचाच आहे का आणि तो प्राणी त्या थरातलाच आहे का, हे यंत्राला कळत नाही. खालचे टप्पे या दोन प्रश्नांसाठी आहेत. ते याच क्रमाने घ्या.

टप्पा १: कोणत्या घटनेची तारीख हवी ते लिहून काढा

'या स्थळाचा काळ काय?' हा प्रश्न फार मोघम आहे. एका हाडाची तारीख म्हणजे त्या एका प्राण्याच्या शरीरात कार्बन मुरत होता तो काळ. तुम्हाला तारीख हवी असते खड्डा भरला गेला त्याची, भिंत पडली त्याची किंवा दफन झाले त्याची. हाडाचा आणि त्या घटनेचा संबंध एका वाक्यात लिहा. ते वाक्य लिहिताना अडखळलात तर नमुना बदला.

टप्पा २: हाड त्या जागी मूळचे आहे का, ते तपासा

सर्वाधिक तारखा इथेच बिघडतात आणि पुढचे कोणतेही रसायन ही चूक दुरुस्त करू शकत नाही. खड्ड्याच्या भरावातले सुटे हाड खड्ड्यापेक्षा शेकडो वर्षे जुने असू शकते, कारण खड्डा खणताना वर आलेली माती पुन्हा त्यातच पडते. उंदीर-घुशींच्या बिळांतून वरचे हाड खालीही जाते. म्हणून 'खोली १.४० मी.' या नोंदीला एकटीला काही किंमत नाही. थर कोणता, तो कशाने कापला गेला आहे, बीळ किंवा मुळे दिसली का, हे सगळे नोंदलेले असले पाहिजे.

पसंतीचा क्रम असा ठेवा:

१. सांध्यात जुळलेली हाडे. मणक्यांची रांग किंवा पायाची हाडे जागच्या जागी असतील, तर ती पुरली गेली तेव्हा स्नायू-अस्थिबंध शाबूत होते. अशी हाडे दुसरीकडून वाहून आलेली नसतात.

२. एकाच प्राण्याची, सुटी झालेली पण जवळजवळ पडलेली हाडे.

३. ताज्या हाडावर झालेले काप किंवा मोड स्पष्ट दिसणारी, कडा न झिजलेली सुटी हाडे.

४. गोलसर झिजलेली, रंगाने बाकीच्यांपेक्षा वेगळी सुटी हाडे. ही पाठवू नका.

तपासा: एकाच थरातून तीन नमुने देत असाल, तर ते तीन वेगळ्या प्राण्यांचे आहेत ना? तिन्ही नमुने डाव्या मांडीच्या हाडाचे घेतले तर खात्री होते. एकाच सांगाड्याचे तीन तुकडे मोजून 'तीन तारखा जुळल्या' म्हणणे ही नेहमीची फसगत आहे. त्या जुळणारच.

टप्पा ३: हाडाचा कोणता भाग घ्यायचा

आपल्याला हवे असते कोलॅजन, म्हणजे हाडातले प्रथिन. ताज्या कोरड्या हाडात ते वजनाच्या साधारण २० ते २५ टक्के असते. उरलेल्या खनिज भागातही कार्बन असतो, पण भूजलातल्या कार्बोनेटशी त्याची अदलाबदल होत राहते, म्हणून न जळलेल्या हाडाच्या खनिजावर भरवसा ठेवत नाहीत.

कोलॅजन टिकते दाट हाडात. मांडीच्या किंवा नडगीच्या हाडाच्या मधल्या दांड्याची जाड भिंत उत्तम. कवटीतले, आतल्या कानाभोवतीचे हाडही दाट असते, पण डीएनएचे अभ्यासकही तेच मागतात, म्हणून आधी त्यांच्याशी बोलून घ्या. दातात मुळाचे दंतिन, म्हणजे दाताचा आतला कठीण भाग, घ्या. दंतवल्कात, म्हणजे दाताच्या बाहेरच्या चकचकीत आवरणात, कोलॅजन जवळपास नसतेच. बरगडी, मणके आणि सांध्याजवळचा जाळीदार भाग हा नाइलाजाचा पर्याय.

मोठ्या माणसाच्या मांडीच्या हाडातले कोलॅजन फार सावकाश बदलते, त्यामुळे त्यात मृत्यूच्या एक-दोन दशके आधीचा कार्बनही मिसळलेला असतो. पहिल्या दाढेचे दंतिन तर बालपणीच घडते. दहा हजार वर्षांपूर्वीच्या हाडाला याने फरक पडत नाही. एखाद्या ऐतिहासिक घटनेशी दहा-वीस वर्षांच्या नेमकेपणाने सांगड घालायची असेल, तर फरक पडतो.

इशारा, जळलेल्या हाडांबद्दल: काळे किंवा तपकिरी जळलेले हाड सर्वांत वाईट. त्यातले कोलॅजन गेलेले असते आणि खनिजही अजून पक्के झालेले नसते. ६०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापून आतपर्यंत पांढरे झालेले हाड मात्र चालते. त्याच्या खनिजातल्या कार्बोनेटवर तारीख काढतात. पण जळताना त्या खनिजात सरपणाचा कार्बन शिरतो. सरपण जुन्या झाडाच्या गाभ्याचे असेल, तर हाडाची तारीखही तेवढी जुनी दिसते.

टप्पा ४: चरातून उचलणे आणि बांधणे

हातमोजे घाला, धातूच्या स्वच्छ हत्याराने हाड सोडवा, मोठी माती मऊ ब्रशने झाडा. सावलीत सावकाश वाळवा. ओले हाड बंद पिशवीत ठेवले की बुरशी धरते, आणि बुरशी म्हणजे आजचा कार्बन. वाळलेले हाड ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यात गुंडाळा, मग पिशवीत घाला. चिठ्ठी पिशवीबाहेर किंवा दुसऱ्या पिशवीत ठेवा. कापूस नको, टिशू नको. कापसाचे तंतू म्हणजे आजच्या कार्बनचे धागे. भेगांत अडकले की चिमट्याने एकेक काढत बसावे लागते.

नमुन्यावर क्रमांक लिहू नका. लॅकर लावू नका. हाड ठिसूळ असेल, तर ज्या तुकड्याची तारीख काढायची तो आधी बाजूला काढा आणि मगच उरलेल्याला संरक्षक द्रव्य लावा.

इशारा: सर्वांत घातक आहे सरस. ॲक्रिलिक किंवा पीव्हीए प्रकारची कृत्रिम द्रव्ये ॲसिटोनसारख्या द्रावकांनी बऱ्याच अंशी काढता येतात. सरस मात्र प्राण्यांच्या कातडी-हाडांपासूनच बनतो, म्हणजे तो स्वतःच कोलॅजन आहे. रासायनिक कसोट्यांत तो शुद्ध हाडासारखाच उत्तीर्ण होतो आणि तारीख मुकाट्याने बिघडवतो. जुन्या संग्रहातल्या हाडावर काय लावले होते याची नोंद सापडत नसेल, तर जोडापासून दूरचा, चकाकी नसलेला भागच घ्या आणि शंका कळवा.

बाहेरच्या कार्बनने किती बिघडते, याचा हिशेब पाहा. नमुन्यात १ टक्का आजचा कार्बन राहिला, तर ५,००० वर्षांचे हाड जेमतेम ७० वर्षे तरुण दिसते. तोच १ टक्का ४०,००० वर्षांच्या हाडात राहिला, तर ते ३३,००० वर्षांचे दिसते. खनिज तेलापासून बनलेल्या गोंदात कार्बन-१४ उरलेलेच नसते. तसला १ टक्का कोणत्याही काळाच्या हाडाला साधारण ८० वर्षे जुने करतो. क्रोएशियातील विंदिया गुहेतल्या निअँडरथल हाडांची कथा हीच आहे. १९९९ मध्ये त्यांची वये २८-२९ हजार वर्षे आली. अधिक कडक शुद्धीकरणानंतर २००६ मध्ये ती ३२-३३ हजारांवर गेली. २०१७ मध्ये कोलॅजनमधले एकच अमिनो आम्ल वेगळे करून मोजले, तेव्हा ती ४० हजारांच्या मागे सरकली. हाडे तीच होती.

टप्पा ५: कापण्याआधी

कालमापनात नमुना नष्ट होतो. ज्यांच्या ताब्यात हाड आहे त्यांची लेखी परवानगी घ्या. मानवी अवशेष असतील तर संबंधित समाजाचे म्हणणे ऐकून घ्या. मोजपट्टीसह सर्व बाजूंनी छायाचित्रे काढा. प्राण्याची जात, शरीराची बाजू, वयाच्या खुणा, कापाच्या खुणा नोंदवा. डीएनए किंवा समस्थानिकांसाठीही (एकाच मूलद्रव्याचे वेगळ्या वजनाचे अणू) नमुना लागणार असेल, तर एकाच वेळी एकाच जागेतून घ्या. वारंवार भोके पाडणे हाडावर अन्याय आहे.

टप्पा ६: कोलॅजन शिल्लक आहे का, आधी बघा

उष्ण प्रदेशातल्या हाडांच्या बाबतीत हा टप्पा वगळणे म्हणजे हाड आणि पैसा दोन्ही वाया घालवणे. उष्णतेने कोलॅजनच्या साखळ्या तुटतात आणि पाण्याबरोबर वाहून जातात. हाड बाहेरून दगडासारखे कणखर दिसते आणि आत प्रथिनाचा मागमूस नसतो. दिसण्यावरून ठरवू नका.

काही मिलिग्रॅम भुकटी घेऊन तिच्यातले नायट्रोजनचे प्रमाण मोजा. संपूर्ण हाडात ते ०.७ टक्क्यापेक्षा जास्त असेल, तर पुढे जाण्यात अर्थ आहे. बरेच कमी असेल, तर त्याच थरातले दुसरे हाड शोधा. अवरक्त वर्णपटानेही हाच अंदाज येतो. भुकटी काढताना ड्रिल कमी वेगाने फिरवा. जळक्या केसांसारखा वास आला, तर कोलॅजन तुमच्या हातानेच जळत आहे.

किती हाड लागेल याचा हिशेब सोपा आहे. ५०० मिलिग्रॅम हाडातून १ टक्का कोलॅजन निघाले तर ५ मिलिग्रॅम. त्यात कार्बन सुमारे ४० टक्के, म्हणजे २ मिलिग्रॅम. यंत्राला साधारण १ मिलिग्रॅम पुरतो. उतारा, म्हणजे हाडातून निघणारे कोलॅजन, याहून कमी येणार असे दिसत असेल, तर हाड जास्त घ्या.

टप्पा ७: कोलॅजन काढणे

हे काम प्रयोगशाळेचे, पण नमुना पाठवणाऱ्यानेही ते समजून घ्यावे, म्हणजे अहवालात काय विचारायचे ते कळते. प्रमाणे प्रयोगशाळेनुसार थोडी बदलतात. क्रम बदलत नाही.

१. पृष्ठभाग काढा. बाहेरचा थर आणि मज्जेच्या बाजूचा जाळीदार भाग घासून टाका. हाडाचे खडीसारखे लहान तुकडे करा. पिठासारखी भुकटी करू नका, कारण भुकटीतले कोलॅजन आम्लात विरघळून निघून जाते.

२. द्रावके. संरक्षक द्रव्याची शंका असेल तर याच पायरीला. आम्लानंतर उशीर झालेला असतो.

३. खनिज काढा. ०.५ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल, थंड ठेवून, रोज बदलत. पहिल्या तासात बुडबुडे जोरात येतात. दोन-तीन दिवसांनी तुकड्याचा आकार तोच राहतो, पण तो धुरकट काचेसारखा अर्धपारदर्शक होतो आणि काचेच्या कांडीने दाबला की रबरासारखा वाकून पुन्हा सरळ होतो. तिथे थांबा. तुकडा विस्कटून तळाला गाळ बसला, तर कोलॅजन आधीच खराब झाले होते किंवा आम्लात जास्त वेळ राहिले.

४. अल्कली. ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड, अर्धा तास. मातीतली ह्युमिक आम्ले (कुजलेल्या पालापाचोळ्यातून बनलेली) यात उतरतात आणि द्रावण चहासारखे तपकिरी होते. रंग उतरेपर्यंत बदला, पण ताणू नका. नाजूक कोलॅजन अल्कलीत टिकत नाही.

५. पुन्हा आम्ल. घाईत हीच पायरी गळते. अल्कली हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषते, म्हणजे आजचा कार्बन नमुन्यात येतो. शेवटच्या आम्लाने तो निघून जातो.

६. जिलेटिन करा. पीएच ३ च्या पाण्यात, ७० ते ७५ अंशांवर, सुमारे २० तास. कोलॅजन विरघळते, मुळांचे तंतू आणि माती गाळणीवर राहतात.

७. अतिसूक्ष्म गाळण. ३० किलोडाल्टनपेक्षा (रेणूच्या वजनाचे एकक) मोठे रेणू ठेवायचे, लहान सोडून द्यायचे. तुटके कोलॅजन आणि बाहेरची बरीच घाण लहान रेणूंत असते. नव्या गाळणीच्या पडद्यावर ग्लिसरीनचा लेप असतो आणि त्यातही कार्बन असतो. गाळणी आधी शुद्ध पाण्याने वारंवार धुतली नाही, तर शुद्ध करायला घेतलेला नमुना याच पायरीला घाण होतो.

८. गोठवून वाळवा. चांगले कोलॅजन पांढरे, हलके, म्हातारीच्या कापसासारखे दिसते. तपकिरी, चुरचुरीत निघाले तर सावध व्हा.

पुढे ते जाळून कार्बन डायऑक्साइड करतात, लोखंडाच्या साहाय्याने हायड्रोजनशी संयोग घडवून ग्रॅफाइट बनवतात आणि ते मोजतात.

तपासा: तुमच्या नमुन्याबरोबर ५०,००० वर्षांपेक्षा जुने, म्हणजे कार्बन-१४ संपलेले हाड आणि ज्ञात काळाचे एक हाड याच सर्व पायऱ्यांतून गेले का? पहिल्यात जे कार्बन-१४ सापडते ते प्रक्रियेत शिरलेले असते. जुन्या हाडांच्या बाबतीत हा प्रश्न विचारल्याशिवाय तारीख स्वीकारू नका.

टप्पा ८: तारखेआधी कसोट्या वाचा

अहवाल आला की नजर आधी तारखेवर जाते. ती झाकून ठेवा आणि हे पाहा. कोलॅजनचा उतारा हाडाच्या वजनाच्या १ टक्क्याहून जास्त आहे का? कार्बन-नायट्रोजनचे अणूंचे गुणोत्तर २.९ ते ३.६ मध्ये आहे का? कोलॅजनमध्ये कार्बन ३० ते ४५ टक्क्यांच्या आसपास आहे का? गुणोत्तर ३.६ च्या वर गेले तर बाहेरचा कार्बन आहे, बहुधा ह्युमिक. अशी तारीख अपेक्षेशी जुळली तरी ती फेटाळा. विशेषतः तेव्हाच फेटाळायला मन घट्ट करावे लागते.

टप्पा ९: हा प्राणी काय खात होता?

समुद्रातल्या आणि काही गोड्या पाण्यातल्या अन्नसाखळीत जुना कार्बन फिरत असतो. ते अन्न खाणाऱ्याचे हाड मृत्यूच्या दिवशीच काहीशे वर्षे जुने दिसते. इंग्लंडमधील रेप्टन येथील सामूहिक दफनात नाणी इ.स. ८७० च्या दशकातली होती, पण काही हाडांच्या तारखा त्याच्या बऱ्याच आधीच्या आल्या, म्हणून हाडे वेगवेगळ्या काळांतली मानली गेली. २०१८ मध्ये पुरातत्त्वज्ञ कॅट जारमन आणि सहकाऱ्यांनी मासे खाण्याची दुरुस्ती लावली, तेव्हा तारखा नवव्या शतकाच्या उत्तरार्धाशी जुळल्या.

आहाराचा अंदाज कोलॅजनमधल्या कार्बन-१३ आणि नायट्रोजन-१५ वरून येतो. यात तीन सापळे आहेत:

- कार्बन-१३ वाढलेले दिसले की 'समुद्री आहार' असा निष्कर्ष काढला जातो. ज्वारी, बाजरी, मका यांसारख्या सी-४ वनस्पतींनीही ते तसेच वाढते. नायट्रोजन-१५ वाढलेले नसेल, तर दुरुस्ती लावू नका. लावलीत तर बरोबर तारीख चुकीची कराल.
- गोड्या पाण्यातले मासे कार्बन-१३ मध्ये बहुधा दिसतच नाहीत. नायट्रोजन-१५ जास्त, कार्बन-१३ साधारण, आणि जवळ चुनखडीच्या खडकातून वाहणारे पाणी, असे असेल तर शंका घ्या.
- अंगावर पिणाऱ्या बाळाच्या हाडात नायट्रोजन-१५ जास्त असते, कारण आईचे दूध हेच त्याचे अन्न. ते मासे नव्हेत.

माझा आग्रह असा: माणसाच्या हाडाबरोबर, त्याच दफनातले किंवा त्याच थरातले गवत खाणाऱ्या प्राण्याचे हाडही मोजा. दोन तारखांतला फरक हीच त्या जागेची दुरुस्ती. समुद्रासाठी सर्वसाधारण वक्र (मोजलेल्या वयावरून खरी वर्षे काढण्याचा आलेख, पुढचा टप्पा पाहा) आहे. नदी-तळ्यांसाठी असा वक्र नाही.

टप्पा १०: कॅलिब्रेशन, म्हणजे मोजलेल्या वयाचे कॅलेंडरच्या वर्षांत रूपांतर

अहवालातले '२४५० ± ३० बीपी' हे कॅलेंडरचे वर्ष नाही. बीपी म्हणजे १९५० च्या आधी, आणि तेही हवेतले कार्बन-१४ कायम सारखे होते असे धरून. त्यातून चालू साल वजा करू नका. १९५० वजा करून 'इ.स.पू. ५००' असेही लिहू नका. उत्तर गोलार्धातल्या जमिनीवरच्या प्राण्यांसाठी इंटकॅल२०, दक्षिण गोलार्धासाठी एसएचकॅल२० आणि समुद्री कार्बनसाठी मरीन२० हे वक्र वापरा.

वरचेच उदाहरण घ्या. मोजणीतली अनिश्चितता फक्त ३० वर्षांची, पण इ.स.पू. ८०० ते ४०० या काळात वक्र जवळजवळ सपाट आहे. त्यामुळे ९५ टक्के संभाव्यतेला उत्तर येते साधारण इ.स.पू. ७५० ते ४१०. या पट्ट्याचा मध्य काढून 'इ.स.पू. ५८०' छापणे चूक आहे. मध्याला कोणतीही विशेष संभाव्यता नसते. पट्टा अरुंद करायचा असेल, तर एकावर एक असलेल्या थरांतल्या अनेक हाडांच्या तारखा घेऊन थरांचा क्रम गणितात घाला. ऑक्सकॅलसारखी संगणकप्रणाली ते करते. पण तो क्रम चरात खात्रीने वाचलेला हवा. सोयीसाठी गृहीत धरलेला क्रम घातला तर आकडे सुबक येतील आणि चुकीचे असतील.

टप्पा ११: काय छापायचे

प्रत्येक तारखेसोबत हे सगळे द्या: प्रयोगशाळेचा नमुना क्रमांक, मूळ बीपी वय व अनिश्चितता, हाड कोणत्या प्राण्याचे व कोणता भाग, थर आणि सांधे जुळलेले होते का, शुद्धीकरणाची पद्धत, कोलॅजनचा उतारा, कार्बन-नायट्रोजन गुणोत्तर, दोन्ही समस्थानिकांची मूल्ये, वापरलेला वक्र आणि प्रणालीची आवृत्ती, ६८.३ व ९५.४ टक्क्यांचे संपूर्ण पट्टे. फेटाळलेल्या तारखाही कारणासह द्या. मूळ बीपी वय कधीही गाळू नका. वक्र दर काही वर्षांनी सुधारतो आणि तेव्हा तुमची तारीख पुन्हा काढायला तोच आकडा लागतो.

उरलेले हाड आणि उरलेले कोलॅजन परत मागवा. कोलॅजन बंद काचेच्या नळीत, कोरड्या जागी, प्रयोगशाळेच्याच क्रमांकासह ठेवा.